‘१९४१’ची दोन खाती: दापोलीच्या पडद्यावर आलेल्या एका युद्धविनोदपटाचा प्रकरण अभ्यास

दापोलीतल्या एका वाचनालयाचा चित्रपट गट महिन्यातून एकदा जुना सिनेमा दाखवतो. डिसेंबरच्या खेळासाठी युद्धावरचा विनोदी सिनेमा हवा होता आणि नाव पुढे आले स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘१९४१’चे. नाव निघताच गटात दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे, हा स्पीलबर्गचा पडलेला सिनेमा, त्याच्या चांगल्या कामांची रांग लागलेली असताना हाच कशाला? दुसरी बाजू म्हणत होती की हा सिनेमा उगाच बदनाम झाला, मोठ्या पडद्यावर एकदा बघा आणि मग बोला. हर्णै बंदरावरून येणाऱ्या सभासदांचा मुद्दा याहून वेगळा आणि जास्त वजनदार होता. समुद्रातून हल्ला होणार या भीतीने एक किनारा रात्रभर वेडापिसा होतो, ही या सिनेमाची गोष्ट. ज्या किनाऱ्यावर अशी भीती खरीखुरी येऊन गेली आहे तिथे या गोष्टीवर हसू येईल का?

गटाने खेळ केला. तो कसा केला, त्याआधी कोणते प्रश्न सोडवावे लागले, कुठे हशा आला आणि कुठे सभागृह गप्प राहिले, याची ही मांडणी आहे. अशाच वादग्रस्त सिनेमाला हात घालू पाहणाऱ्या इतर गटांना ती उपयोगी पडावी.

पैशाचे खाते

‘पडला’ या शब्दापासून सुरुवात करावी लागते, कारण निम्मा वाद तिथेच अडतो. सिनेमा अमेरिकेत १४ डिसेंबर १९७९ रोजी प्रदर्शित झाला. खर्च सुमारे साडेतीन कोटी डॉलर. त्या काळासाठी, तेही विनोदी सिनेमासाठी, हा आकडा अवाढव्य होता. चार वर्षे आधीचा ‘जॉज’ सुमारे ९० लाख डॉलरमध्ये झाला होता. ‘१९४१’ने अमेरिका आणि कॅनडात तीन कोटींहून थोडे जास्त कमावले, जगभरात मिळून नऊ कोटींच्या पुढे.

आता हे आकडे नीट वाचायला हवेत. तिकीटखिडकीवर जमा झालेला सगळा पैसा निर्मात्याच्या हातात पडत नाही, ढोबळमानाने निम्मा थिएटरवाल्यांकडे राहतो. त्यातून प्रिंटा काढण्याचा आणि जाहिरातीचा खर्च वेगळा. म्हणजे फक्त अमेरिकेचा हिशेब धरला तर सिनेमा चांगलाच तोट्यात दिसतो. जगभराचा धरला तर निर्मितीखर्च जेमतेम भरून निघण्याच्या आसपास आपण पोहोचतो, आणि पुढे टीव्ही व व्हिडिओचे हक्क येतात ते निराळे. गडगंज नफा नाही, पण स्टुडिओ बुडवणारा खड्डाही नाही. खड्डा कसा असतो ते पुढच्याच वर्षी दिसले. मायकल चिमिनोच्या ‘हेवन्स गेट’वर सव्वाचार कोटींहून अधिक डॉलर खर्च झाले आणि अमेरिकेत ४० लाखही परत आले नाहीत. १९८१ मध्ये तो काढणारी युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनी विकली गेली.

मग ‘१९४१’ला पडलेला का म्हणतात? ‘जॉज’ आणि ‘क्लोज एन्काउंटर्स’ नंतर स्पीलबर्गचे नाव आले की विक्रम होणार असे लोक धरून चालले होते. अपेक्षेपेक्षा कमी मिळाले, समीक्षकांनी झोडपले, आणि ‘अपेक्षाभंग’ या शब्दाच्या जागी हळूहळू ‘अपयश’ हा शब्द रुळला. गटाने माहितीपत्रकात हेच पहिल्या परिच्छेदात छापले: पैशाच्या खात्यावर हा सिनेमा बुडालेला नाही. हे आधी सांगून टाकले की चर्चा दुसऱ्या, खऱ्या खात्यावर येते. हसवण्याचे काम त्याने केले का?

सिनेमाखालचा इतिहास

कथा १३ डिसेंबर १९४१ या दिवसाची आहे, म्हणजे पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर सहा दिवसांची. एक जपानी पाणबुडी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ येते. तिच्या कप्तानाला घरी परतण्यापूर्वी काहीतरी मानाचे लक्ष्य उडवायचे आहे आणि त्याला ते हॉलिवूडमध्ये दिसते. इकडे लॉस एंजेलिसमध्ये सैनिक, नाविक, नागरिक, सगळे एकमेकांनाच शत्रू समजून शहराची वाट लावतात.

हे सगळे हवेतून आणलेले नाही. २३ फेब्रुवारी १९४२ रोजी आय-१७ या जपानी पाणबुडीने सांता बार्बराजवळच्या एलवुड तेलक्षेत्रावर खरोखर तोफा डागल्या. नुकसान किरकोळ झाले, घबराट मात्र मोठी पसरली. पुढच्याच रात्री, २४ आणि २५ फेब्रुवारीच्या मध्ये, लॉस एंजेलिसवर विमाने आल्याची आवई उठली. पहाटे सव्वातीन ते सव्वाचारच्या दरम्यान विमानवेधी तोफांनी १,४०० हून अधिक गोळे आकाशात उडवले. बॉम्ब एकही पडला नव्हता. धावपळीत झालेले मोटार अपघात आणि हृदयविकाराचे झटके यांत पाच माणसे गेली. नौदलमंत्री फ्रँक नॉक्स यांनी तो खोटा इशारा होता असे सांगितले, युद्धमंत्री मात्र पंधरापर्यंत विमाने आली असावीत असे म्हणत राहिले. अमेरिकी हवाईदलाच्या इतिहास विभागाने १९८३ मध्ये ठपका ठेवला तो हवामानाच्या फुग्यावर. या दोन घटना, शिवाय १९४३ च्या जूनमधल्या लॉस एंजेलिसच्या झूट सूट दंगली (सैनिक-नाविक आणि ढगळ ‘झूट सूट’ घालणारे मेक्सिकन वंशाचे तरुण यांच्यातल्या), आणि पूर्व किनाऱ्यावरच्या मेन राज्यात एका घराच्या अंगणात लष्कराने बसवलेली तोफ, हे सगळे पटकथाकार रॉबर्ट झेमेकिस आणि बॉब गेल यांनी एका रात्रीत कोंबले. कथेत जॉन मिलियसचाही हात होता. पटकथेचे मूळ नाव जपानी लोकांबद्दलच्या शिवीवजा शब्दाचे होते, ते नंतर बदलले.

दापोलीच्या प्रेक्षकाला यातले काहीच माहीत नसते, आणि गटापुढची पहिली खरी अडचण ती होती. विडंबन कळायला ज्याचे विडंबन चालले आहे ते आधी ठाऊक असावे लागते. पडद्यावर बेभान गोळीबार चालू असताना ‘हे असे खरेच घडले होते’ एवढे कळले तरी प्रसंगाची चव बदलते.

आणि इथे कोकणच्या किनाऱ्याकडे सांगण्यासारखे स्वतःचे काही होते. १८ ऑगस्ट २०२२ रोजी रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर एक बेवारस नौका लागली. आत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे सापडली. दुसऱ्या दिवशी दहीहंडी होती. जिल्ह्यात नाकाबंदी झाली, राज्यभर सतर्कतेचा इशारा गेला. नंतर तपशील बाहेर आला तो असा: ‘लेडी हान’ नावाची ती नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, मस्कतहून युरोपला निघालेली. जूनमध्ये इंजिन बंद पडले, खलाशांना वाचवण्यात आले, आणि सोडून दिलेली नौका पावसाळी समुद्रावर वाहत इकडे आली. तत्कालीन गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत ही माहिती दिली. हरिहरेश्वर म्हणजे बाणकोटच्या खाडीपलीकडे, दापोलीकरांना अगदी शेजारचे.

त्या दिवशीची घबराट वेडेपणाची होती असे इथे कोणीही म्हणणार नाही. १९९३ च्या मुंबई स्फोटांची स्फोटके श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरली होती. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर मासेमारी ट्रॉलर ताब्यात घेऊन समुद्रातूनच आले. तेव्हापासून किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी, खलाशांची ओळखपत्रे, बोटींची नोंदणी आणि सागरी सुरक्षेची कवायत हे सगळे रोजच्या जगण्याचा भाग झाले आहे. समुद्रावर अनोळखी बोट दिसली तर कळवायचे असते हे हर्णैच्या तांडेलाला शिकवावे लागत नाही.

म्हणून गटाने खेळाआधी बारा मिनिटांचे निवेदन ठेवले. आधी हरिहरेश्वरची नौका, मग एलवुड, मग लॉस एंजेलिसची रात्र. हा क्रम मुद्दाम ठरवलेला होता. आपल्या ओळखीच्या भीतीपासून सुरुवात केली की परकी भीती कळायला वेळ लागत नाही. आमच्या मते संपूर्ण आयोजनातला सर्वांत उपयोगी निर्णय हाच.

निवेदनात आणखी एक गोष्ट होती, आणि ती वगळायची नाही असा आग्रह गटातल्या तरुणांनी धरला. खऱ्या इतिहासात या घबराटीची किंमत जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांनी मोजली. १९ फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशाने सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरदार सोडून छावण्यांत जावे लागले. सिनेमात लॉस एंजेलिसचे हे रहिवासी जवळजवळ नाहीतच. जपानी माणसे आहेत ती सगळी पाणबुडीत. घबराटीवर सिनेमा करायचा आणि घबराटीत जे भरडले गेले त्यांच्याकडे पाहायचेही नाही, ही त्याची खरी उणीव आहे. आवाज आणि धूर यांच्याबद्दलच्या तक्रारींपेक्षा ती मोठी आहे.

हशा कुठे अडतो

दापोलीच्या सभागृहात काय घडले त्याची नोंद गटाने प्रसंगवार ठेवली. तीन कारणे पुन्हा पुन्हा समोर आली.

पहिले कारण, सगळेच वेडे आहेत. जॉन बेलुशीचा कप्तान केल्सो पी-४० विमान घेऊन शत्रू शोधत फिरतो आणि वाटेतला पेट्रोलपंप उडवतो. वॉरन ओट्सचा कर्नल जपानी छत्रीधारी सैनिक टेकड्यांत उतरलेत या भ्रमात आहे. नेड बीटीचा वॉर्ड डग्लस स्वतःच्या घराच्या भिंतीतून तोफ डागतो. ट्रीट विल्यम्सचा सैनिक नाचगाण्याच्या सभागृहात एका मुलाच्या मागे लागलेला आहे. विनोदाला शहाण्या माणसाची गरज असते. नमनातल्या गवळणीत मावशी कितीही बहकली तरी कृष्ण जागचा हलत नाही, म्हणून मावशीच्या प्रत्येक वाक्याला टाळी पडते. कृष्णही मावशीसारखाच नाचू लागला तर दोघेही वाया जातात. ‘१९४१’मध्ये बऱ्याच प्रसंगांना कृष्ण नाही. जनरल स्टिलवेल (रॉबर्ट स्टॅक) हा शहाणा माणूस आहे, पण शहर जळत असताना तो थिएटरात बसून ‘डंबो’ हा कार्टूनपट बघत रडतो आहे. हा प्रसंग मात्र सभागृहाला फार आवडला. कारण उघड आहे, त्यात एक माणूस, एक चेहरा आणि शांतता आहे.

दुसरे कारण आकाराचे आहे. विनोद चेहऱ्यावर घडतो, आणि इथे खर्च दिसावा म्हणून कॅमेरा सतत मागे जातो. छायाचित्रणकार विल्यम फ्रेकर यांनी धूर आणि मऊ प्रकाशाची जी शैली वापरली ती देखणी आहे, ऑस्करचे नामांकनही तिला मिळाले. पण धुरात भुवई उडालेली दिसत नाही. दूरच्या शॉटमध्ये शंभर माणसे धावतात तेव्हा डोळे विस्फारतात, हसू येत नाही. स्पीलबर्गने नंतर सांगितले आहे की स्टॅन्ली कुब्रिकला हा सिनेमा उत्तम वाटला, फक्त विनोदी वाटला नाही. दापोलीत एका निवृत्त शिक्षकांनी नेमके हेच वेगळ्या शब्दांत मांडले: ‘बघताना कंटाळा आला नाही, पण हसलो कितीदा ते मोजायला एक हात पुरला.’

तिसरे कारण लोकांच्या लक्षात सहसा येत नाही. बेलुशी आणि डॅन ॲक्रॉइड ही तेव्हाची अमेरिकेतली सर्वांत लाडकी विनोदी जोडी, टीव्हीवरच्या ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’मुळे घराघरात पोहोचलेली. लोक तिकीट काढत होते ते या दोघांना एकत्र बघायला. सिनेमात एक विमानात आहे, दुसरा रणगाड्यावर. दोघे समोरासमोर फारसे येतच नाहीत. शिवाय बेलुशीचा बराच वेळ विमानात एकट्याने जातो, म्हणजे त्याच्या ओरडण्याला प्रतिसाद द्यायला समोर कोणी नाही.

आवाजाचाही वाटा आहे. पहिल्या अर्ध्या तासानंतर सिनेमा क्वचितच खालच्या पट्टीत येतो. कान थकला की पुढचा विनोद ऐकू येतो पण पोहोचत नाही. त्यात पात्रे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, म्हणून इंग्रजी सबटायटल वाचणाऱ्याची अवस्था जास्त बिकट होते. ओळ वाचून संपेपर्यंत पडद्यावरचा स्फोट होऊन गेलेला असतो.

जिथे तो जमतो

आता दुसरी बाजू, आणि ती आम्हाला मनापासून मांडायची आहे, कारण बदनामीच्या ओझ्याखाली ती दबून गेली.

पाणबुडीतले प्रसंग आज पुन्हा पाहावेत. तोशिरो मिफुने जपानी कप्तान आहे, ख्रिस्तोफर ली त्याच्यावर नजर ठेवणारा जर्मन अधिकारी. मिफुने जपानीत बोलतो, ली जर्मनमध्ये उत्तर देतो, आणि दोघांना एकमेकांचे सगळे कळते. कोणी दुभाषा नाही, कोणी खुलासा करत नाही. दोघेही पूर्ण गांभीर्याने उभे आहेत. त्यांच्यामध्ये येतो स्लिम पिकन्सचा लाकूडतोड्या हॉलिस वुड, ज्याचे नाव ‘हॉलिवूड’सारखे ऐकू आल्याने त्याला पकडून आणलेले असते. त्याच्याजवळचा खेळण्यातला होकायंत्र जपानी खलाशांना हवा असतो, तर तो गिळूनच टाकतो. इथे शहाणी माणसे दोन आणि खुळा एक, आणि दापोलीत सर्वांत मोठा, सलग हशा इथेच आला. हर्णैचे खलाशी पुढच्या रांगेत होते. होकायंत्र नसलेली बोट म्हणजे काय ते त्यांना वेगळे सांगायची गरज नव्हती.

सैनिकांसाठीच्या नृत्यगृहातली जिटरबग स्पर्धा हा सिनेमाचा शिखरप्रसंग आहे. पाठलाग, मारामारी आणि नाच तिन्ही एकाच तालात चालतात, कॅमेरा नाचणाऱ्यांच्या पायांतून फिरतो आणि प्रत्येक धक्का ठेक्यावर पडतो. गोंधळाला ताल मिळाला की तो विनोद होतो, हे इथे दिसते. जॉन विल्यम्सचे संगीत सबंध सिनेमाला जी शिस्त देऊ पाहते ती याच ठिकाणी पडद्यावरही उतरते. त्यांची ‘मार्च’ ही संचलनाची धून आजही वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत वेगळी वाजवली जाते.

तिसरी गोष्ट मिनिएचरची, म्हणजे लहान प्रतिकृतींची. धक्क्यावरचा प्रचंड आकाशपाळणा आसातून सुटतो आणि गडगडत जाऊन समुद्रात पडतो. हॉलिवूड बुलेव्हार्डवर रस्त्याच्या उंचीवरून दोन विमाने पाठलाग करतात. संगणकावर चित्र तयार करण्याची सोय तेव्हा नव्हती. ग्रेग जीन आणि सहकाऱ्यांनी लहान आकारात रस्ता, दिवे, पाट्या, धक्का, सारे बांधले आणि विमाने तारांवर चालवली. याचे अवघड अंग असे की पाणी, धूर आणि आग यांना लहान करता येत नाही. थेंब तेवढाच मोठा राहतो आणि प्रतिकृती उघडी पडते. त्यावर उपाय म्हणून कॅमेरा नेहमीपेक्षा कितीतरी वेगाने फिल्म ओढतो, म्हणजे दाखवताना सगळे संथ आणि वजनदार दिसते. प्रतिकृती जितकी लहान तितका वेग जास्त. आणि काही ठिकाणी त्यांनी प्रतिकृतीचा आधारही घेतला नाही. शेवटी कड्यावरून खाली जाणारे डग्लसचे घर खरोखर पूर्ण आकाराचे बांधले होते. ते एकदाच पाडता येणार होते, म्हणून अनेक कॅमेरे लावून एका फटक्यात टिपले. छायाचित्रण, ध्वनी आणि दृश्य परिणाम अशी तीन ऑस्कर नामांकने या सिनेमाला मिळाली. पहिली दोन पारितोषिके ‘अपोकॅलिप्स नाऊ’ने नेली, तिसरे ‘एलियन’ने.

खेळाची तयारी

आवृत्ती निवडताना गडबड होते. चित्रपटगृहात आला तो सिनेमा ११८ मिनिटांचा. डॅलसमधल्या चाचणी खेळात प्रेक्षक थंड राहिले, त्यानंतर प्रदर्शनाआधी कात्री चालली. पुढे टीव्ही आणि व्हिडिओच्या काळात कापलेले प्रसंग परत जोडून १४६ मिनिटांची आवृत्ती निघाली. लांब आवृत्तीत पात्रांची ओळख नीट होते, कोण कोणाचा कोण ते कळते, आणि सिनेमाचे चाहते तिचाच आग्रह धरतात. पण पहिल्यांदा बघणाऱ्या सभागृहासाठी ती चुकीची निवड आहे. इथे थकवा हाच मोठा शत्रू आहे आणि २८ मिनिटे त्यात भर घालतात. गटाने ११८ मिनिटांची घेतली.

परवानगी हा मुद्दा बऱ्याच ठिकाणी दुर्लक्षित राहतो. घरी पाहण्यासाठी विकत घेतलेल्या डिस्कवर किंवा वर्गणी भरलेल्या ॲपवर सभागृहात खेळ करता येत नाही, तिकीट असो वा नसो. हक्कधारकाकडून सार्वजनिक प्रदर्शनाची लेखी परवानगी घ्यावी लागते आणि उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज दोन-तीन महिने आधी करावा. मराठी सबटायटल स्वतः करून जोडायची कल्पना गटात निघाली होती. पण भाषांतरालाही हक्कधारकाची संमती लागते. त्याऐवजी एका पानाचा मराठी तक्ता छापला: पाणबुडी, डग्लसचे घर, नृत्यगृह, केल्सोचे विमान, स्टिलवेल आणि त्याचे सहकारी, रणगाडा. सहा धागे, प्रत्येकात कोण आहे, त्याला काय हवे आहे, एवढेच. हा तक्ता सबटायटलपेक्षा जास्त उपयोगी पडला, कारण लोकांचा गोंधळ भाषेचा कमी आणि ‘हा कोण?’ याचाच जास्त होता.

चित्राचे प्रमाण २.३९ ला १ आहे, म्हणजे फार रुंद. गटाचा पडदा १२ फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच. त्यावर चित्र येते १२ बाय ५ फूट, वर आणि खाली दहा-दहा इंचांचे काळे पट्टे. ते बघून कोणीतरी रिमोट घेऊन चित्र ‘पूर्ण पडदा’ करतो. तसे केले की दोन्ही कडा कापल्या जातात, आणि या सिनेमात कडेला उभ्या माणसांची निम्मी गंमत जाते. पट्टे राहू द्यावेत, फक्त काळ्या कापडाने झाकावेत.

दुसरा अर्धा भाग जवळजवळ सगळा रात्रीचा आहे आणि धुराने भरलेला. उजेड आत येणाऱ्या सभागृहात तिथे राखाडी भिंतीशिवाय काही दिसणार नाही. डिसेंबरात दापोलीला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. खेळ सातला लावला आणि तावदानांना जाड काळे कापड लावले. एवढ्या पडद्याला साडेतीन हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो, पण ‘डायनॅमिक’ मोड बंद ठेवावा, त्याने धुरातले बारकावे जळून जातात. वीज जाणे इथे नित्याचे. दिव्याचा प्रोजेक्टर एकदम बंद पडला तर आतला पंखा थांबतो आणि दिवा तापून निकामी होतो. एक केव्हीएचा यूपीएस असला की तो नीट बंद करायला किंवा जनरेटर चालू होईपर्यंत थांबायला पुरेसा वेळ मिळतो.

आवाजासाठी एक साधी दुरुस्ती. सहा वाहिन्यांचा ध्वनी दोन स्पीकरवर उतरवला की बोलणे स्फोटांखाली दबते. प्लेअरमध्ये मधल्या वाहिनीची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवावी, एकूण आवाज मात्र नेहमीपेक्षा थोडा कमीच ठेवावा. कौलारू छप्पर आणि उघड्या भिंतींच्या सभागृहात प्रतिध्वनी खूप येतो. मागच्या भिंतीवर सतरंज्या टांगल्याने फरक पडला.

मध्यंतर नृत्यस्पर्धेच्या अगदी आधी घेतले. ताज्या कानांनी आणि डोळ्यांनी लोक त्या प्रसंगाला बसले, आणि खेळाचा सूर तिथून बदलला.

चर्चेत काय निघाले

‘पडलेला सिनेमा’ म्हणणाऱ्या गटाने पैशाचा आक्षेप मागे घेतला, विनोदाचा नाही. चाहत्यांनी मान्य केले की दुसऱ्या भागात प्रसंग एकमेकांवर कोसळतात आणि कोणाचेच काही उरत नाही. हर्णैच्या सभासदांचे मत सर्वांत नेमके होते. भीतीची थट्टा त्यांना खुपली नाही. त्यांना खुपले ते हे की सकाळ झाल्यावर कोणालाच रात्रीचा हिशेब द्यावा लागत नाही. नौका सापडली त्या दिवशी नाकाबंदीत अडकलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कामावर जावे लागले होते. सिनेमात शेवटी घर कड्यावरून पडते आणि पात्रे एकमेकांवर ओरडत राहतात, इथे सभागृहात कोणी हसले नाही. डग्लसच्या बायकोचे घर गेले आणि सिनेमाला त्याची दखलच नाही, असे दोन-तीन स्त्रियांनी बोलून दाखवले. लॉरेन गॅरीने ती भूमिका सरळ, शहाणपणाने केली आहे, म्हणूनच ते जास्त बोचते.

तरुण सभासदांचा प्रश्न स्पीलबर्गने पुढे काय केले हा होता. त्याचे उत्तर ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’. १९८१ साली आलेला, खर्च सुमारे दोन कोटी डॉलर, म्हणजे ‘१९४१’च्या बराच खाली. प्रसंग आधी कागदावर रेखाटून घेतले, मिनिएचर लागेल तिथेच वापरले, चित्रीकरण ७३ दिवसांत आणि वेळापत्रकाच्या आत संपवले. ‘जॉज’चे ५५ दिवसांचे वेळापत्रक १५९ दिवसांवर गेले होते हे लक्षात घेतले की हा बदल किती मोठा होता ते कळते. आणि त्या सिनेमात गोंधळाच्या मधोमध एक माणूस आहे, ज्याला काय हवे ते प्रेक्षकाला दर क्षणी माहीत असते. झेमेकिस आणि गेल यांनीही १९८५ च्या ‘बॅक टू द फ्युचर’मध्ये हेच केले: एक शहर, एक मुलगा, एक घड्याळ.

गटाने पुढच्या वर्षासाठी १४६ मिनिटांच्या आवृत्तीची परवानगी मागितली आहे. तो खेळ फक्त पहिला पाहिलेल्यांसाठी असेल, दोन संध्याकाळींत विभागून. पहिल्या संध्याकाळी नृत्यस्पर्धेपर्यंत, दुसऱ्या संध्याकाळी पुढचा भाग, आणि त्याआधी छावण्यांत गेलेल्या कुटुंबांबद्दल अर्ध्या तासाचे वेगळे निवेदन.